जत्रेतून घरी आलेला अल्बम

चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला आवडती कॅसेट विचारली, तर गायकाचं नाव मागून येतं. आधी येतं जागेचं नाव. दीक्षाभूमीवरून आणलेली, चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेतली, मार्कंड्याची, चिमूरच्या घोडायात्रेत घेतलेली. शहरातला रसिक अल्बमचं शीर्षक सांगतो, निघाल्याचं साल सांगतो. इथला माणूस ती घरी कुठल्या दिवशी आली ते सांगतो. या दोन जंगलजिल्ह्यांतली अल्बमची कुळकथा मला या फरकातच दिसते.

रूढ कुळकथा युरोपातून सुरू होते. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मोठी रचना ऐकायची तर चार-पाच तबकड्या लागत. त्या कागदी पाकिटांत घालून पुस्तकासारख्या बांधत आणि त्या बांधणीला अल्बम म्हणत, फोटोंच्या अल्बमसारखी दिसायची म्हणून. १९०९ मध्ये ओडिऑन कंपनीनं चायकोव्हस्कीची ‘नटक्रॅकर’ रचना चार तबकड्यांत अशी काढली. १९४८ मध्ये कोलंबियानं लाँग प्ले आणली, सगळा ऐवज एका तबकडीत बसला आणि बांधणी गेली. नाव मात्र टिकलं.

या वाटेनं आलेला अल्बम वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे फार थोड्या घरांत पोहोचला. रेकॉर्ड प्लेअर, त्याला वीज, वर रेकॉर्डची किंमत. चंद्रपूर-बल्लारपूरला एखाद्या वकिलाकडे, डॉक्टरकडे, कारखान्यातल्या अधिकाऱ्याकडे ते असे. बाकीच्यांसाठी लग्नातला लाऊडस्पीकर आणि जत्रेतला भोंगा. म्हणून इथल्या अल्बमचा खरा पूर्वज मी दुसरीकडे शोधतो. तो आहे गाण्यांची पातळ पुस्तिका.

जत्रेत ही पुस्तिका जमिनीवर मांडून विकली जायची, अजूनही जाते. दहा-पंधरा भजनं, एकाच कवीची किंवा एकाच देवाची. वर चित्र, आत चालीची खूण म्हणून एखाद्या माहीत असलेल्या गाण्याचं नाव. म्हणजे अल्बमची सगळी अंगं इथे आहेत: निवड, क्रम, मुखपृष्ठ, कर्ता. नव्हता तो फक्त आवाज, आणि तो घेणाऱ्याच्या भजनमंडळाचा असे. ‘गीतरामायणा’सारख्या मोठ्या गोष्टीचा प्रवासही असाच झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी ५६ गीतं गेली, १९५७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि ध्वनिमुद्रिकांचा संच त्यानंतरचा. लोकांनी शब्द आधी जवळ केले.

या भागात पुस्तिकेला सगळ्यात मोठं बळ दिलं ते तुकडोजी महाराजांनी. जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, आश्रम मोझरीचा. पण तरुणपणी ते रामदिघी आणि गोंदोड्याच्या रानात राहिले आणि चिमूरचा परिसर त्यांचा झाला. हातात खंजिरी. गाणाऱ्याला एवढंसं वाद्य पुरतं, त्याला पेटीवाला शोधावा लागत नाही, आणि गाता गाता उभं राहून गर्दीकडे बघता येतं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, ‘चले जाव’च्या चळवळीत चिमूर पेटलं, त्यामागे त्यांच्या भजनांनी तापवलेली मनं होती. त्याच महिन्यात इंग्रजांनी त्यांना चंद्रपुरात अटक केली आणि डिसेंबरपर्यंत तुरुंगात ठेवलं. गाण्याला सरकार इतकं भ्यालं, त्यावरून त्याची पोच कळते. घरात तबकडी नसतानाही ती भजनं गावोगाव पाठ होती. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत ती रोज म्हटली जात, आणि पुस्तिका कमरेला खोचून माणूस दुसऱ्या गावी निघाला की भजनंही त्याच्याबरोबर निघत.

त्या भजनांच्या शेवटी बहुधा तुकड्यादासाचं, म्हणजे तुकडोजींचंच, नाव येतं. संतकवींची ही जुनीच रीत, नाममुद्रा. गाणं कितीही लांब गेलं, कुणाच्याही तोंडी बसलं, तरी शेवटच्या कडव्यात कर्ता हजर. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काळातही हेच करावं लागलं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गनं गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हा गाणं संपताच तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलं. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर काय लिहायचं ते त्यावरून कळायचं. मी ती मुद्रिका ऐकतो तेव्हा मला भजनाचं शेवटचं कडवंच आठवतं.

आता चंद्रपूरच्या सगळ्यात लाडक्या अल्बमांकडे, भीमगीतांकडे येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपुरात आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी तो सोहळा घडवून आणला. बाबासाहेबांनी स्वतः उपस्थित राहून दिलेल्या दीक्षेचं हे दुसरं ठिकाण, आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. म्हणून दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जो धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन होतो त्याला या जिल्ह्यात दुसरी जोड नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून, मूल-सिंदेवाहीकडून, वरोऱ्याकडून लोक पांढऱ्या कपड्यांत येतात. परतताना हातात पुस्तकं, मूर्ती, तसबिरी, दिनदर्शिका असतात, आणि एक काळ होता की त्यात कॅसेट असायचीच.

त्या कॅसेटमागे मोठं घराणं आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे सुरू झाले. तमाशातला सवाल-जवाब तोच, पण विषय पाणवठा, शाळा आणि देवळाचं दार. पुढे त्याला कव्वालीची जोड मिळाली. दोन गायक समोरासमोर, रात्रभर मुकाबला, एकानं प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्यानं तो गाऊनच सोडवायचा. या साऱ्याला शब्द पुरवणाऱ्यांत वामनदादा कर्डक सर्वांत मोठे. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि १९४३ पासून लिहिलेली गाणी घेऊन ते आयुष्यभर गावोगाव हिंडले. गायक प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचा उघडा, खडा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भोंग्याविनाही ऐकू जाईल असा. तो विठ्ठलाच्या गीतांतही तितक्याच श्रद्धेनं लागे. पुढे त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या काळाचे नायक झाले.

फिलिप्सनं कॅसेट १९६३ मध्ये दाखवली. आपल्याकडे तिचा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, ते याच सुमाराला. त्याआधी रेकॉर्ड छापायला मोठा कारखाना लागे आणि धंदा जवळपास एकाच कंपनीच्या हातात होता. कॅसेट भरायला कॉपी करणाऱ्या यंत्रांची एक खोली पुरे. छोट्या कंपन्या निघाल्या, आणि ज्यांना मोठी कंपनी कधी बोलावणार नव्हती ते गायक माईकपुढे उभे राहिले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. आपल्या जिल्ह्यांत तिचा अर्थ सोपा होता: सेलवर चालणारा टेप आला आणि विजेची वाट बघायची गरज उरली नाही.

साठ मिनिटांची टेप, एका बाजूला तीस. म्हणून आठ-दहा गाणी. हे माप पुस्तिकेच्या मापाशी सहज जुळलं. मुखपृष्ठावर निळी पार्श्वभूमी, बाबासाहेब किंवा बुद्ध, खाली गायकाचा फोटो. कवीचं नाव बारीक टायपात आतल्या कागदावर, आणि तो कागद घरात सगळ्यात आधी हरवायचा. तरी वामनदादा हरवले नाहीत, कारण शेवटच्या कडव्यात ‘वामन’ होताच. मुखपृष्ठ गायकाचं, शेवटचं कडवं कवीचं. ज्यांनी वामनदादांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनाही ते नावानं ठाऊक होते.

या अल्बमवर लोकांनी इतका जीव का लावला? आवाज, चाल, ठेका हे आहेच. चाली पुष्कळदा सिनेमाच्या असत, त्यामुळे पहिल्याच ऐकण्यात गाता येई. पण मला त्यांचा क्रम मोठा वाटतो. अनेक कॅसेटी चरित्राच्या क्रमानं लावलेल्या असत: महूचा जन्म, महाडचं तळं, काळाराम मंदिर, बाबासाहेबांच्या पत्नी रमाईचं जाणं, घटना, दीक्षा, आणि शेवटी ६ डिसेंबर. ज्या घरात वाचता येणारा माणूस नव्हता त्या घरात हा इतिहास होता. १९२७ आणि १९५६ ही सालं पोरांनी शाळेआधी गाण्यात ऐकली. रमाईचं गाणं लागलं की बायका हातातलं काम थांबवत. १९३५ मध्ये गेलेल्या त्या बाईचा संसार त्यांना आपल्या संसारासारखाच कळत होता. आणि ही कॅसेट एकट्यानं ऐकायची वस्तू नव्हती. लग्नात, नामकरणात, नव्या घरात जाताना, १४ एप्रिलच्या पहाटे विहारावरच्या भोंग्यातून ती सबंध वस्तीला ऐकू जायची. कोणतं गाणं कोणत्या वेळी लावायचं याचे संकेत ठरले होते. दुःखाच्या घरासाठी गाणी वेगळी होती.

जत्रेतून अल्बम घरी येण्याचा हाच धागा चैत्रातही दिसतो. नांदेडकडून, मराठवाड्याच्या गावागावांतून महाकालीला लोक येतात, पोतराज येतात, आणि यात्रेत देवीची गाणी वाजत राहतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याला शंकराची. माघात चिमूरला बालाजीची. वर्षाच्या पंचांगाप्रमाणे माल बदलायचा. सिरोंच्याकडे उतरलात की भाषाही बदलते, तिथे तेलुगू गाणी. अल्बम इथे कलावंताच्या कारकिर्दीनुसार येत नव्हता, सणानुसार येत होता. घरी ठेवलेली टेप लावली की माणसाला तो दिवस, ती गर्दी, बरोबर आलेले लोक आठवायचे. कॅसेट ताणली गेली, आवाज लडबडू लागला, तरी ती टाकून देत नसत.

एक गोष्ट चुटपुट लावते. झाडीपट्टीत, म्हणजे इथल्या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर, धान कापून झालं की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक चालतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्या नाटक कंपन्यांची राजधानी. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. त्या नाटकांत गाणी भरपूर, दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांचा वारसा त्यांच्या अंगात. पण त्यांना कॅसेटच्या काळात भीमगीतांसारखं अल्बमांचं घर मिळालं नाही. तिकीट काढून समोर बसलेल्या लोकांसाठीच गायचं हा त्यांचा धर्म. त्यामुळे कितीतरी गळे फक्त त्या त्या गावाच्या आठवणीत राहिले आहेत. त्या गळ्यांची मुद्रणं नीट जमवणं हे या भागातल्या विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना सहज पेलणारं काम आहे.

कॅसेटीनंतर व्हीसीडी आली आणि अल्बम पाहायची गोष्ट झाली. नंतर मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. शेकडो गाणी, क्रम नाही, मुखपृष्ठ नाही. आता तर गावातल्या पोरांनी नदीवर, पुलावर चित्रित केलेल्या एकाच गाण्यालाही अल्बम म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. चित्रीकरण करणारी ही पोरं इथलीच आहेत, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटनं जे दार किलकिलं केलं ते त्यांनी सताड उघडलं.

याच दारातून गोंडी गाणी मोठ्या संख्येनं बाहेर आली. एटापल्ली, भामरागड, धानोरा भागातला रेला, गोलात हात गुंफून नाचणाऱ्या बायका, ढोल, आणि सगळ्यांनी मिळून उचललेलं धृपद. ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच होती. पुस्तिकेची आणि कॅसेटची पायरी बऱ्याचशा गाण्यांनी चढलीच नाही, ती थेट फोनवर आली. त्यांत नाममुद्रा नसते, कारण कर्ता एक नसतो, रांग असते. तुकडोजींचं भजन किंवा वामनदादांचं गीत कुणीही कुठेही टाकलं तरी शेवटच्या कडव्यात मालक सापडतो. रेल्याच्या चित्रफितीत मात्र टाकणाऱ्याच्या चॅनेलचंच नाव उरतं. म्हणून अशा फितीखाली गावाचं, तालुक्याचं आणि गाणाऱ्या बायकांना चालणार असेल तर त्यांचंही नाव लिहिलेलं असावं, असा माझा आग्रह आहे. भामरागडचा रेला आणि धानोऱ्याचा रेला एक नाही, हे तिथल्या माणसाला दोन ठेक्यांत कळतं. बाहेरच्याला ते खालच्या ओळीतूनच कळणार.