गो-कार्टच्या शर्यतीत सगळ्यांचं इंजिन सारखं कसं ठेवतात? सील, चिठ्ठी, वजनकाटा आणि इंजिन खोलणं

गो-कार्ट म्हणजे चार चाकांची, जमिनीला चिकटून धावणारी छोटी रेसिंग गाडी. छप्पर नाही, बहुतेक कार्टला सस्पेन्शनही नाही. आपल्या तालुक्यातली पोरं डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला गेली की कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पाईप वेल्डिंग करून अशी कार्ट बनवतात. माझ्या पुतण्याच्या ग्रुपनं बनवली तेव्हा इंजिन कुठलं घालायचं यावर आमच्या ओट्यावर तीन रात्री चर्चा चालली होती. शेवटी पॉवर वीडरच्या जातीचं पेट्रोल इंजिन बसवलं. स्पर्धेत गेले तर एकाची कार्ट सरळ रस्त्यावर सगळ्यांना मागं टाकायची. कारण सगळ्यांना माहीत होतं, पण इंजिन खोलून बघायची सोय तिथं नव्हती. पोरं चिडून परत आली. म्हणून ही माहिती.

शेतकऱ्याला हे इंजिन नवीन नाही. पहिली कार्टच मुळात गवत कापायच्या मशीनच्या इंजिनावर पळाली. 1956 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी ती बनवली. पुढं लाकूड कापायच्या चेनसॉची इंजिनं आली. आज जगभर गावपातळीवरच्या कार्ट शर्यतीत होंडाचं जीएक्स 160 आणि जीएक्स 200 किंवा त्यांची चायना कॉपी दिसते. हीच इंजिनं आपल्याकडं पाण्याच्या पंपावर आणि वीडरवर असतात. जीएक्स 200 हे 196 सीसीचं आहे, बोअर 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक 54 मिलिमीटर. जीएक्स 160 चा बोअर तेवढाच, स्ट्रोक 45.

एकाच कंपनीचं इंजिन, मग फरक कुठून?

इथंच खरी गोम आहे. कारखान्यात प्रत्येक भागाला थोडी सूट असते. हेडच्या आतली जागा अमुक ते तमुक सीसी चालेल, गॅस्केट एवढं ते एवढं जाड चालेल, असं. दहा इंजिनं आणली तर एकाच्या सगळ्या सुटी नशिबानं ताकदीच्या बाजूला पडलेल्या असतात आणि दुसऱ्याच्या उलट्या. चांगला मिस्त्री काय करतो, इंजिन उघडून प्रत्येक भाग नियमात बसेल पण ताकदीच्या अगदी टोकाला असेल असा जुळवतो. हेड किंचित घासतो म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. व्हॉल्व्हची बैठक नीट करतो. याला ब्लूप्रिंटिंग म्हणतात, आणि गंमत म्हणजे मापात असेल तर ही चोरी नव्हे. पण असा मिस्त्री ज्याला परवडतो तो पुढं जातो. तर काही पालक दहा इंजिनं आणून डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर लावून बघतात, त्यातलं एक ठेवतात आणि बाकी विकून टाकतात.

सरळ चोरीचे प्रकार वेगळे. कॅमशाफ्ट बदलणं, स्ट्रोक वाढवणं, कार्बोरेटरचा जेट मोठा करणं, पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळणं.

गव्हर्नर काढायचा प्रकार मात्र धोक्याचा आहे, यावर जरा थांबतो. वीडरच्या इंजिनाला गव्हर्नर असतो, तो साधारण 3600 फेऱ्यांवर इंजिन धरून ठेवतो. पोरं तो काढतात, इंजिन साडेपाच-सहा हजारांवर ओरडतं आणि कार्ट पळते. पण मूळचा चक्का म्हणजे फ्लायव्हील बिडाचा, तो त्या वेगासाठी बनवलेला नाही. कनेक्टिंग रॉडही नाही. चक्का फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात आणि ड्रायव्हर इंजिनाच्या शेजारीच बसलेला असतो. ज्या स्पर्धांत गव्हर्नर काढू देतात तिथले जाणते आयोजक मजबूत चक्का आणि रॉड सक्तीचे करतात. नाहीतर गव्हर्नर ठेवूनच पळवायचं. त्यात कमीपणा काही नाही, सगळ्यांचाच असला की झालं.

सील

सगळ्यात चालणारा उपाय म्हणजे इंजिनाला सील. वीज मीटरला असतं तसंच. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं 125 सीसी मॅक्स इंजिन याच पद्धतीवर जगभर चालतं. सीलला नंबर असतो, तो इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो आणि इंजिन उघडायचं ते फक्त मान्यता असलेल्या केंद्रात. आपल्याकडं राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहितेंच्या ट्रॅकवर झाल्या आहेत, त्यामुळं हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. पण हे टू-स्ट्रोक, महागडं इंजिन. मोठ्यांच्या गटात त्याची ताकद 30 अश्वशक्तीच्या आसपास.

गावपातळीला जवळचं उदाहरण अमेरिकेच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एलओ 206. हे फोर-स्ट्रोक, साधारण पावणेनऊ अश्वशक्तीचं. कारखान्यातूनच सील होऊन येतं आणि 6100 फेऱ्यांवर इग्निशनच त्याला अडवतं. लहान पोरांसाठी वेगळं इंजिन घ्यावं लागत नाही. कार्बोरेटरची स्लाइड बदलतात. लाल, निळी, पिवळी अशा रंगांच्या स्लाइड असतात, प्रत्येक रंगाला थ्रॉटल किती उघडेल हे ठरलेलं. लहानग्यांना लाल, मोठ्यांना काळी. रंगावरून ओळखता येतं, त्यामुळं भांडण कमी. रोटॅक्सच्या लहान गटात हेच काम एक्झॉस्टमध्ये अडथळा घालून करतात. चायना इंजिनांच्या शर्यतीत कार्बोरेटरखाली ठरावीक भोकाची पट्टी बसवतात. साधी पत्र्याची पट्टी, पण इंजिनात हवाच कमी गेली तर आत कितीही कारागिरी केली तरी तिचा फायदा मारला जातो. माझ्या मते कमी पैशात आपल्याकडं सगळ्यात लवकर करता येईल असा उपाय हाच.

सील आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. दहातलं एक निवडायची युक्ती सीलबंद इंजिनातही चालते.

चिठ्ठी आणि बोली

त्यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे चिठ्ठी. रोटॅक्सच्या जागतिक अंतिम स्पर्धेत इंजिन आयोजकच देतात, कुणाला कुठलं ते सोडत काढून ठरतं. भाड्याच्या कार्टच्या लीगमध्ये तर प्रत्येक फेरीला कार्ट बदलतात, म्हणजे मंद कार्ट एकाच्याच नशिबी येत नाही.

दुसरा तोडगा मला जास्त आवडला. अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅकवर हा नियम ठेवतात, तिथं त्याला क्लेम रूल म्हणतात. शर्यतीआधी किंमत जाहीर करायची. शर्यत संपल्यावर दुसरा स्पर्धक तेवढे पैसे टेबलावर ठेवून जिंकणाऱ्याचं इंजिन उचलू शकतो, आणि जिंकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर बक्षीस गेलं. समजा किंमत 20 हजार ठेवली, तर इंजिनात 60 हजार ओतायची हिंमत कोण करेल? मात्र सूड म्हणून कुणी दरवेळी एकाच पोराचं इंजिन उचलायला लागला तर ताप होतो, म्हणून एका हंगामात किती वेळा उचलता येईल याला मर्यादा ठेवलेली बरी. काही ठिकाणी विकत न घेता दोघांच्या इंजिनांची अदलाबदल करायचा अधिकार आयोजकांकडं असतो.

खोलून काय बघतात?

शर्यत संपली की पहिल्या तीन-चार कार्ट एका दोरीच्या आत उभ्या करतात. तिथं मालक, मिस्त्री, बाप कुणीही हात लावायचा नाही. आधी सीलचा नंबर. मग जेटच्या भोकात मापाची सुई घालतात. ती जाता कामा नये, गेली तर भोक मोठं केलंय. मग हेड काढून बोअर आणि स्ट्रोक मोजतात. हेडच्या आतली जागा मोजायला नळीनं थेंब-थेंब तेल सोडतात, किती सीसी मावलं ते बघतात. कॅमसाठी डायल गेज आणि अंशांची चकती लागते. हे सगळं यायला एक माणूस तयार लागतो आणि तो कुठल्याही टीमचा नातेवाईक नसावा. बैलगाडा शर्यतीत घड्याळ कुणाच्या हातात आहे यावरून काय होतं ते आपण बघतोच.

तक्रार करणाऱ्याकडून आधी अनामत घेतात. इंजिन नियमात निघालं तर ती रक्कम ज्याचं इंजिन उघडलं त्याला देतात, कारण नवं गॅस्केट आणि मजुरी त्यालाच भरायची असते. यानं उगाच बोंब मारणारे गप्प होतात.

इंजिनाबाहेरचा फरक

इंजिन सारखं केलं आणि वजन सोडलं तर काही उपयोग नाही. कार्ट 75 किलोची धरा. 55 किलोचं पोरगं बसलं तर 130, 75 किलोचा गडी बसला तर 150. मागून ओढायचं ओझं 15 टक्क्यांनी वाढलं, एवढा फरक मिस्त्रीही इंजिनात सहज काढू शकत नाही. म्हणून ड्रायव्हरसकट कमीत कमी वजन ठरवतात आणि हलक्याच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टनं लावतात. तारेनं बांधायच्या नाहीत, वळणावर सुटून मागच्याच्या अंगावर येतात. वजन शर्यत संपल्यावरच करायचं, आधी केलं तर पट्टी वाटेत गायब होते. टायर एकाच कंपनीचे आणि स्प्रॉकेटचे दात सगळ्यांना सारखे.

पेट्रोलचं सोपं आहे. आयोजकांनी एकाच पंपावरून कॅन भरून आणायचा आणि सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या करून त्यातूनच भरायच्या. मीटर लावून तपासण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पुतण्याच्या ग्रुपनं आता आसपासच्या चार कॉलेजांच्या पोरांशी बोलणं सुरू केलंय. पत्र्याची पट्टी, धान्याच्या व्यापाऱ्याचा वजनकाटा आणि पेट्रोलचा एक कॅन, एवढ्यावर सगळे तयार आहेत. क्लेम रूलवर मात्र अजून एकमत नाही. ज्याची कार्ट सरळ रस्त्यावर पळते त्याचाच विरोध आहे.