वॉटसन हॉटेल: एक ऐकीव अपमान आणि एक खरी थप्पड

काळा घोड्याला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. फेब्रुवारीतल्या फेस्टिव्हलला, जहांगीरमध्ये चित्रं बघायला, नाहीतर नुसतंच विकांताला भटकायला. सेशन्स कोर्टाजवळ एक काळवंडलेली, टेकू लावलेली पाचमजली इमारत आहे, एस्प्लनेड मॅन्शन. एकेकाळी मुंबईतलं सगळ्यात झोकदार हॉटेल म्हणजे हेच, वॉटसन्स. या हॉटेलबद्दल एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवलं आणि मग त्यांनी चिडून ताज बांधलं. या गोष्टीकडे येऊच, पण आधी थोडं मागे जाऊ.

१८६०चं दशक म्हणजे मुंबईत नुसती पैशाची झिंग होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला, त्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता. (१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. डॉट कॉमवाल्यांनी वाचून ठेवावं!) त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला लावली आणि एस्प्लनेडवर बांधकामाला मोक्याची जागा मोकळी झाली. जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापड व्यापाऱ्याने तिथे इमारत उभी करायची ठरवली.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडेल असा भाग. ही इमारत मुंबईत 'बांधली' नाही, 'जोडली'. डिझाइन रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियरचं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आणि सेंट पँक्रस स्टेशनच्या कामात याचा हात होता. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये डर्बीच्या कारखान्यात ओतल्या, जहाजात भरल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे आणून एकमेकांना जोडल्या. सुएझ कालवा तेव्हा खुला व्हायचा होता (तो झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये). एखादा भाग मापात बसला नाही तर काय केलं असेल, या विचारानेच मला घाम फुटतो. आपल्याकडे निदान पॅच तरी पाठवता येतो!

या पद्धतीचा फायदा असा की, इमारतीचा भार लोखंडी सांगाडा पेलतो, भिंती नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलऱ्या, भरपूर उजेड, मोठाले दरवाजे आणि मधल्या चौकावर काचेचं छत. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. सुमारे १३० खोल्या, आणि जेवण वाढायला थेट इंग्लंडहून आणलेल्या वेट्रेस. आज आपण 'डिझाइन हॉटेल' म्हणून ज्याचे पैसे मोजतो, ते सगळं इथे होतं.

जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरला. कर्जात बुडाला होता आणि ते फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरत होता. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर त्याने फार धमाल लिहिलंय. पण त्याच पुस्तकात मुंबईत पोचल्या दिवशीचा एक छोटासा प्रसंग आहे. एक धिप्पाड जर्मन माणूस त्याला खोल्या दाखवायला वर घेऊन जातो, सोबत खोल्या लावायला तीन नोकर आणि मागून हातातलं सामान उचललेले सुमारे चौदा जण. गॅलरीत उघडणाऱ्या काचेच्या दारात काहीतरी बिघाड असतो. एक नोकर गुडघ्यावर बसून ते नीट करायला लागतो. जर्मनाला काम पसंत पडत नाही. तो आधी त्याच्या गालफडात एक ठेवून देतो आणि मग चूक कुठे आहे ते सांगतो. नोकर हूं की चूं न करता काम पुढे चालू ठेवतो. ट्वेनला एकदम आपलं अमेरिकेतलं बालपण आठवतं, कारण गुलामांना असंच वागवलेलं त्याने तेव्हा पाहिलेलं असतं. त्याला लाज वाटते. पण त्या क्षणी तो कुणाला काही बोलल्याचं लिहीत नाही, हेही खरं.

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचा माणूस, मारियुस सेस्तिए, ऑस्ट्रेलियाला जाता जाता या हॉटेलात थांबला आणि त्याने सहा छोट्या फिती दाखवल्या. तिकीट एक रुपया. पॅरिसचा पहिला जाहीर खेळ डिसेंबर १८९५ चा, म्हणजे सहा-सात महिन्यांत सिनेमा मुंबईत! स्टेशनात शिरणारी आगगाडी होती, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते. आपल्या अख्ख्या बॉलीवुडची नाळ या लोखंडी सांगाड्याशी जोडलेली आहे.

आता टाटांची गोष्ट. ताज उघडलं १९०३ मध्ये. अपमानाचा प्रसंग घडल्याचा भक्कम समकालीन पुरावा काही मिळत नाही आणि बऱ्याच अभ्यासकांना तो खरा वाटत नाही. मुंबईसारख्या शहराला साजेसं हॉटेल नव्हतं, हे कारण पुरेसं होतं. मग ही गोष्ट इतकी का चालते? मला वाटतं, तिला शेवट आहे म्हणून. अपमान झाला, हिशोब चुकता झाला, आपण जिंकलो. टाळ्या.

ट्वेनच्या प्रसंगाला असा शेवट नाही. त्या नोकराने दुसरं हॉटेल काढलं नाही. त्याचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशीही तो कामावर आला असेल. छापील साक्ष आहे ती याच प्रसंगाची, आणि विसरलो आपण हाच. दारात अडवलेला श्रीमंत आपल्याला आठवतो, पण आत गुडघ्यावर बसलेला माणूस आठवत नाही.

पुढे हॉटेल मागे पडत गेलं आणि बंद झालं. इमारत आधी महेंद्र मॅन्शन झाली, मग एस्प्लनेड मॅन्शन. भार भिंतींवर नसल्यामुळे हव्या तिथे पार्टिशन ठोकता आली. कोर्ट जवळ, म्हणून वकिलांची ऑफिसं आली, बिऱ्हाडं आली. २००५ मध्ये गॅलरीचा भाग कोसळून जीव गेला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ सालच्या धोक्यातल्या १०० वास्तूंमध्ये तिचं नाव घेतलं. २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढलं. आयआयटीच्या अहवालाने पाडा म्हटलं, वारसा जपणाऱ्यांनी दुरुस्त करता येईल म्हटलं.

माझं मत विचाराल तर दुरुस्त करा. टाटांचा बदला ताजमध्ये जपलेला आहेच, तो आपोआप टिकेल. पण ट्वेन जिथे उतरला त्या लोखंडी गॅलऱ्या आणि दारं गेली, तर त्या नोकराची आठवण टेकवायला मुंबईत दुसरी जागा उरणार नाही.

असो. पुढच्या वेळी एखाद्या झकास हॉटेलात चेक-इन कराल तेव्हा बॅग उचलणाऱ्याचं नाव विचारा. छातीवर पाटी असतेच, पण विचारा.