गुणाढ्याचे अग्निकुंड
सलमान रश्दींवर १९८९ साली मृत्यूचा फतवा निघाला. १९९० साली त्यांनी ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ ही किशोरांसाठी अद्भुत कादंबरी लिहिली. तीत कथांच्या सागरात विष कालवले जाते. हा सागर मूळचा काश्मिरी सोमदेवाचा, अकराव्या शतकातील कथासरित्सागर. शिवाने पार्वतीस सांगितलेल्या कथा गुणाढ्याने अरण्यात, शाईअभावी स्वतःच्या रक्ताने, पैशाची भाषेत लिहिल्या: सात लक्ष श्लोक! प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहनाने ते अव्हेरले. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, एवढ्यावरच निकाल. मजकुराची सुनावणी नाहीच! (आम्हां वकिलांना हा प्रकार अपरिचित नाही.) गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला, हरिणे, रानरेडे चरणे विसरून साश्रुनयनांनी ऐकत राहिले. राजा आला तेव्हा एकच लक्ष उरले होते, तेही शिष्यांना प्रिय म्हणून राखलेले.