रॅन्स : पॅरिसपासून पाऊण तासावरचं शॅम्पेनचं शहर; दोन दिवसांत काय पाहाल आणि आधी काय ठरवाल?

युरोपच्या पहिल्या सहलीत पॅरिस असतंच. आयफेल टॉवर, लूव्र, सेन नदीतली बोट आणि मग थेट स्वित्झर्लंडची गाडी. पण त्याच पॅरिसहून सुटणारी एक रेल्वे पाऊण तासात अशा शहरात पोहोचवते, जिथे फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक झाले, पहिल्या महायुद्धात ज्याचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शरणागतीच्या कागदावर सही केली.

हे शहर म्हणजे रॅन्स. जग मात्र त्याला ओळखतं ते शॅम्पेनमुळे.

अनेक पर्यटक सकाळी येतात, एक तळघर बघतात, एक बाटली घेतात आणि संध्याकाळी पॅरिसला परततात. त्यात शहर बघायचंच राहून जातं. एक रात्र मुक्काम केला, तर हेच शहर दोन दिवस पुरतं. फक्त काही गोष्टी निघण्याआधी ठरवाव्या लागतात.

थोडक्यात

- किती दिवस हवेत : दोन दिवस, एक रात्र
- सर्वात आधी काय बुक करायचं : शॅम्पेनच्या तळघराची वेळ, त्यानंतर रेल्वेचं तिकीट
- फुकट काय : कॅथेड्रल, सेंट रेमी बॅसिलिका, रोमन कमान
- सोबत काय हवं : उन्हाळ्यातही एक स्वेटर

नाव कसं उच्चारायचं आणि शहर आहे कुठे?

इंग्रजी स्पेलिंग आर-ई-आय-एम-एस असं आहे. ते बघून बरेच जण 'रीम्स' म्हणतात. फ्रेंच लोक मात्र नाकातून 'रॅन्स'सारखा उच्चार करतात. तिकीट शोधताना स्पेलिंग वापरा, रस्ता विचारताना उच्चार.

पॅरिसच्या ईशान्येला, शॅम्पेन प्रदेशात हे शहर आहे. लोकसंख्या पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान. रोमन काळात इथे रेमी नावाच्या जमातीची राजधानी होती, त्यावरूनच शहराला आजचं नाव मिळालं. त्या काळाची खूण म्हणून तिसऱ्या शतकातली 'पोर्त द मार्स' ही भव्य कमान आजही रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहे.

कसं जायचं? दोन स्थानकांचा घोळ काय आहे?

पॅरिसच्या 'गार द लेस्त' म्हणजे पूर्व स्थानकातून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे साधारण 45 मिनिटांत रॅन्सला पोहोचते. 2007 मध्ये पूर्वेकडचा वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला आणि हा प्रवास इतका कमी झाला. टीजीव्हीचं तिकीट विमानासारखं असतं. लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी महाग.

तिकीट काढताना एक गोष्ट नीट बघा. रॅन्सला दोन स्थानकं आहेत. एक शहराच्या मध्यभागी, तिथून कॅथेड्रलपर्यंत पंधरा मिनिटांत चालत जाता येतं. दुसरं 'शॅम्पेन-आर्देन टीजीव्ही', ते शहराबाहेर आहे. तिथे उतरलात तर काळजीचं कारण नाही, ट्राम किंवा लोकल रेल्वेने शहरात येता येतं. पण वेळेचं गणित थोडं बदलतं.

याच बाहेरच्या स्थानकाचा एक फायदाही आहे. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाखालीच टीजीव्हीचं स्थानक आहे आणि तिथून थेट गाडी अर्ध्या तासात इथे येते. म्हणजे मुंबईहून पॅरिसला उतरल्यावर शहरात न जाता आधी रॅन्स करून घेता येतं.

कधी जायचं आणि कोणते वार टाळायचे?

मे ते सप्टेंबर हा सोयीचा काळ. दिवस मोठे असतात, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. द्राक्षांची तोडणी साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरमध्ये होते. तेव्हा मळे बघायला मजा येते, पण हॉटेलं महागतात. डिसेंबरमध्ये ख्रिसमसचा बाजार भरतो, पण थंडी कडक असते आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो.

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा. इथली काही संग्रहालयं सोमवारी, तर काही मंगळवारी बंद असतात. रविवारी बरीच दुकानं उघडत नाहीत. त्यामुळे शुक्रवार-शनिवार ही जोडी चांगली. शनिवारी सकाळी 'बुलँग्रँ' या काँक्रीटच्या उंच कमानीदार मंडईत भाजी, फळं आणि चीजचा बाजारही बघता येतो. 1929 सालची ही इमारत डागडुजी करून 2012 मध्ये पुन्हा सुरू झाली.

पहिला दिवस : कॅथेड्रलमध्ये काय बघायचं?

सुरुवात नोत्र दाम कॅथेड्रलपासून करा. हो, नोत्र दाम फक्त पॅरिसमध्ये नाही. रॅन्सचं हे कॅथेड्रल 1211 मध्ये बांधायला घेतलं. मनोऱ्यांची उंची 81 मीटर आहे आणि आत-बाहेर मिळून 2,300 हून अधिक मूर्ती आहेत.

राज्याभिषेक इथेच का? पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक राजा क्लोव्हिसने रॅन्समध्ये बिशप रेमी यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेचा मान म्हणून पुढचे राजे इथे येऊ लागले. 17 जुलै 1429 रोजी सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जोन ऑफ आर्क शेजारी उभी होती. शेवटचा राज्याभिषेक 1825 चा, दहाव्या चार्ल्सचा.

दर्शनी भागाच्या डाव्या दारापाशी थांबा. तिथे एक देवदूत हसतोय. 19 सप्टेंबर 1914 रोजी जर्मन तोफगोळ्यांनी मनोऱ्याभोवतीच्या लाकडी परांच्या पेटल्या. आग छपरापर्यंत गेली, छपराचं शिसं वितळून पन्हळींच्या दगडी तोंडांतून ओघळलं. त्या आगीत या देवदूताचं डोकं तुटून खाली पडलं. पुढे त्याचे तुकडे जोडून ते पुन्हा बसवलं गेलं. आज दुकानांतल्या पोस्टकार्डांवर त्याचं जे हसू दिसतं, त्यामागे ही गोष्ट आहे.

कॅथेड्रल पूर्ण दुरुस्त व्हायला 1938 साल उजाडलं. जळालेल्या लाकडी छपराच्या जागी आर्किटेक्ट आंरी दनो यांनी काँक्रीटचे तुकडे जोडून सांगाडा उभा केला. पैशांची मोठी मदत अमेरिकेच्या रॉकफेलर यांनी केली.

आत गेल्यावर सरळ शेवटपर्यंत चालत जा. मागच्या बाजूला मार्क शागाल यांच्या 1974 मधल्या गडद निळ्या काचा आहेत. सकाळच्या उन्हात त्या सर्वांत छान दिसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना जर्मन कलाकार इमी क्नोबेल यांच्या काचा 2011 मध्ये बसवल्या. ज्या देशाच्या गोळ्यांनी हे कॅथेड्रल जळालं, त्याच देशातल्या कलाकाराचं काम इथे आहे. 1962 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर याच छताखाली एकत्र प्रार्थनेला बसले होते. दोन देशांच्या समेटाची ती मोठी खूण मानली जाते.

दुसरं महायुद्ध इथे कसं संपलं?

दुपारी रेल्वे स्थानकामागच्या एका लाल विटांच्या शाळेकडे जा. 1945 मध्ये जनरल आयझेनहॉवर यांचं मुख्यालय या शाळेत होतं. 7 मे रोजी पहाटे 2 वाजून 41 मिनिटांनी जर्मन जनरल आल्फ्रेड योडल यांनी इथे बिनशर्त शरणागतीवर सही केली. सोव्हिएत संघाच्या आग्रहामुळे दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये पुन्हा सह्या झाल्या आणि पुस्तकांमध्ये बर्लिनचं नाव जास्त राहिलं. भिंतीभर नकाशे लावलेली ती खोली इथे जपून ठेवली आहे.

संध्याकाळी शहरात नुसतं फिरा. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या दशकात शहर जवळपास नव्याने बांधलं गेलं. त्यामुळे इथल्या इमारतींवर त्या काळच्या आर्ट डेको शैलीची छाप आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. कॅथेड्रलच्या मागे 1928 मध्ये सुरू झालेलं कार्नेगी ग्रंथालय हा या शैलीचा देखणा नमुना आहे.

दुसरा दिवस : जमिनीखाली काय आहे?

रॅन्सखाली खडूचा मऊ दगड आहे. बांधकामासाठी तो काढताना जुन्या काळी खोल खाणी तयार झाल्या. त्यांना 'क्रेयेर' म्हणतात. काही तर 30 मीटर खोल आहेत. वर्षभर तापमान 10 ते 12 अंशांच्या आसपास आणि अंधार. वाइन मुरवायला याहून चांगली जागा नाही, हे शॅम्पेन कंपन्यांनी ओळखलं.

युद्धकाळात याच तळघरांत माणसं राहिली. वर गोळे पडत असताना खाली मुलांच्या शाळा भरत होत्या. 2015 मध्ये युनेस्कोने शॅम्पेनचे मळे, कंपन्यांच्या वास्तू आणि तळघरं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. कॅथेड्रल आणि सेंट रेमी बॅसिलिका 1991 पासून यादीत आहेतच.

कोणतं तळघर निवडायचं? पोमरीमध्ये 116 पायऱ्या उतरून खडूच्या खाणींत जाता येतं. वव्ह क्लिको हे नावच 'विधवा क्लिको' असं आहे. 27 व्या वर्षी विधवा झालेल्या बार्ब-निकोल यांनी 1805 मध्ये हा व्यवसाय हाती घेऊन जगभर पोहोचवला. 1729 मध्ये सुरू झालेलं रुइनार हे सर्वांत जुनं शॅम्पेन घर.

एक तळघर पुरेसं आहे, दुसऱ्यात माहिती बरीचशी तीच असते. इंग्रजी फेरीच्या जागा कमी असतात, गर्दीच्या काळात त्या काही आठवडे आधी भरतात. म्हणून आधी ही वेळ पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. बहुतेक ठिकाणी तिकीट 30 युरोंच्या पुढे असतं आणि त्यात एखादा ग्लास येतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर पायऱ्या किती आहेत, लिफ्ट आहे का, हे बुकिंगआधी विचारा.

बरीचशी तळघरं शहराच्या दक्षिणेला आहेत. सेंट रेमी बॅसिलिका त्याच भागात आहे, त्यामुळे दोन्ही एका फेरीत होतात.

प्रत्येक फसफसणारी वाइन शॅम्पेन का नसते?

शॅम्पेन हे प्रदेशाचं नाव आहे. त्याच प्रदेशातल्या द्राक्षांपासून, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या वाइनलाच हे नाव लावता येतं. पद्धत अशी : आधी साधी वाइन करायची, मग बाटलीत साखर आणि यीस्ट घालून ती बंद करायची. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि तयार झालेला वायू आत अडकतो. तेच बुडबुडे. नेहमीची शॅम्पेन किमान 15 महिने तळघरात राहते, तर एकाच वर्षाच्या द्राक्षांची किमान तीन वर्षं.

कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला की कोकणातला बागायतदार का चिडतो, हे माहीत असलेल्यांना हा नियम लगेच पटेल. नाशिकची अशी वाइन म्हणूनच 'स्पार्कलिंग वाइन' या नावाने विकली जाते.

महाराष्ट्राचा रॅन्सशी एक जुना धागाही आहे. 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात इंडाज कंपनीने स्पार्कलिंग वाइन सुरू केली, ती रॅन्सच्याच पायपर-हाइडसिक या कंपनीच्या तांत्रिक मदतीने.

दारू पीत नसाल किंवा शाकाहारी असाल तर?

तळघराची फेरी न पिताही करता येते. ग्लास नाकारला तर कोणी आग्रह करत नाही. 18 वर्षांखालच्यांना दारू दिली जात नाही, मुलांसाठी वेगळं तिकीट असतं का ते आधी बघा.

शाकाहारींनी गव्हाऐवजी कुट्टूच्या पिठाचे 'गॅलेट' शोधावेत. डोशासारखे पातळ, आत चीज आणि मशरूम. इथली गुलाबी बिस्किटं प्रसिद्ध आहेत, पण त्यात अंडं असतं आणि रंगासाठी परंपरेने कीटकांपासून मिळणारं कार्मिन वापरतात. अनेक फ्रेंच चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट असतं. कडक शाकाहारींनी वेष्टन वाचूनच घ्यावं.

जेवणाची वेळ पाळा. दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी सातनंतर. मधल्या वेळेत बरीच स्वयंपाकघरं बंद असतात.

व्हिसा आणि बाटली : शेवटच्या दोन गोष्टी

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. किमान 30 हजार युरोंचा प्रवास विमा बंधनकारक आहे. सहलीत अनेक देश असतील, तर सर्वाधिक दिवस ज्या देशात राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. रॅन्सची एक रात्र वाढवल्याने हे गणित बदलू शकतं, म्हणून मुक्काम अर्जाआधीच ठरवा.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. नेहमीची बाटली 750 मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्या बसतात. सुरक्षा तपासणीआधी घेतलेल्या बाटल्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा.

तर क्रम असा : आधी वार, मग तळघराची वेळ, मग रेल्वे आणि शेवटी हॉटेल. हॉटेल मध्यवर्ती स्थानक आणि कॅथेड्रल यांच्यामध्ये घ्या. सकाळी गर्दी जमायच्या आत चालत जाऊन त्या हसणाऱ्या देवदूताला पुन्हा एकदा भेटता येईल.