रिळांचे दिवस खरेच संपले का?

लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे सिनेमा. रस्त्यात आडवा पांढरा पडदा बांधायचा, एका टेबलावर १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, आणि खाली सतरंज्या. उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसावे लागे. तिथून नायक डावखुरा दिसे आणि पाट्यांवरची अक्षरे उलटी. मध्येच फिल्म तुटली की प्रोजेक्टरवाला दोन्ही टोके कापून जोड देई आणि खराब झालेला तुकडा खाली टाकी. तो पटकावण्यासाठी आम्हा मुलांची झुंबड उडे. दुसऱ्या दिवशी उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून त्याचे भिंग करायचे, आरशाने खिडकीतून ऊन आत वळवायचे, की समोरच्या चुन्याच्या भिंतीवर नायकाचा चेहरा उमटलाच!

गेली वीस-एक वर्षे मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. या काळात त्या तुकड्याबद्दलचा माझा आदर कमी न होता वाढतच गेला आहे. तो ‘वाचायला’ आम्हाला वीज लागली नाही, प्रोग्रॅम लागला नाही की पासवर्ड लागला नाही. ऊन आणि पाणी पुरले. सगळा सिनेमा डिजिटल झाल्यावरही फिल्म का मेली नाही, याचे अर्धे उत्तर त्या बल्बमध्येच आहे असे मला वाटते. उरलेले अर्धे शोधायला थोडे इतिहासात जायला हवे.

‘सेल्युलॉइड’ हा शब्द खरे तर जुना झाला. १८८९ च्या सुमारास जॉर्ज ईस्टमनच्या रॉचेस्टरच्या कारखान्यातून गुंडाळता येणारी पारदर्शक फिल्म बाहेर पडू लागली, ती नायट्रेटची, म्हणजे अस्सल सेल्युलॉइडची होती. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने तिची ३५ मिलिमीटर रुंदी आणि प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोके ही मापे ठरवली. ती मापे आजही चालतात. सव्वाशे वर्षे टिकलेले एखादे तांत्रिक मानक माझ्या व्यवसायात तरी मला दाखवता येणार नाही. नायट्रेट मात्र भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झाले आणि त्याची जागा ॲसिटेटने, पुढे प्रिंटसाठी पॉलिएस्टरने घेतली. नाव तेवढे जुनेच राहिले.

आपल्याकडे ही फिल्म फार लवकर आली. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात दाखवली गेली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या काळी कोऱ्या फिल्मला भोकेसुद्धा घरीच पाडावी लागत. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात ते काम करीत, शिवाय फिल्म धुणेही त्यांच्याकडेच होते. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घ्यायला हरकत नाही.

आता डिजिटलकडे वळू. पहिला डिजिटल कॅमेरा फिल्मच्या माहेरघरीच जन्मला. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तो बनवला. शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचे एक चित्र, आणि ते साध्या कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद! त्या यंत्राची भीती बाळगण्याचे कारण तेव्हा कुणालाच दिसले नसेल. पुढची २५ वर्षे ठिपके वाढत गेले आणि २००२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला एक भाग संपूर्ण डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित होऊन प्रदर्शित झाला. मुंबईच्या गल्लीबोळांत मोठ्या प्रमाणावर डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपलेल्या ‘स्लमडॉग मिलिओनेर’ला २००९ मध्ये छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा वाद जवळजवळ मिटलाच.

पण फिल्मला खरा धक्का कॅमेऱ्याकडून बसला नाही, तो चित्रपटगृहाकडून बसला. हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाची एक प्रिंट जवळजवळ ११ हजार फूट. अमेरिकेत मोठा चित्रपट तीन हजार पडद्यांवर लावायचा तर तीन कोटी फुटांहून अधिक फिल्म लागे. एकेका प्रिंटला हजार-दीड हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त खर्च येई; डिजिटल प्रत त्याच्या एक दशांशात होते. २००५ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल प्रक्षेपणाचे मानक ठरवले आणि मग दहा वर्षांत जगभरचे प्रोजेक्टर बदलले. आपल्याकडे तर उपग्रहावरून थेट तालुक्याच्या गावातल्या थिएटरपर्यंत चित्रपट पोचू लागले. प्रिंटांचे पैसे जमत नाहीत म्हणून डब्यात पडून राहणाऱ्या लहान मराठी चित्रपटांना याचा फायदाच झाला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

कारखान्यावर मात्र कुऱ्हाड कोसळली. २००६ मध्ये कोडॅकने १२.४ अब्ज फूट सिनेमाची फिल्म विकली होती. २०१४ मध्ये तो आकडा ४५ कोटी फुटांच्या आसपास आला. शंभरातले शहाण्णव गेले! २०११ पर्यंत ॲरी, पॅनाव्हिजन आणि आटों या तिन्ही नामवंत कंपन्यांनी नवे फिल्म कॅमेरे बनवणे थांबवले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये फुजीनेही सिनेमाची फिल्म बंद केली. ठेवली ती फक्त एक, जतनासाठीची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

इथे कुणी म्हणेल, मागणी कमी झाली तर कारखाना लहान करावा. इंजिनिअर म्हणून सांगतो, ते तितके सोपे नाही. रंगीत फिल्मवर चांदीचे क्षार आणि जिलेटिन यांचे डझनाहून अधिक थर संपूर्ण अंधारात, केसाच्या काही अंशाइतक्या जाडीने, एकसारखे चढवावे लागतात. हे काम करणारे यंत्र प्रचंड असते आणि ते थोडे थोडे चालवून परवडत नाही. शिवाय ते यंत्र जाणणारी माणसे एकदा घरी गेली की पुन्हा मिळत नाहीत. म्हणजे फिल्म हळूहळू कमी होत जाणार नव्हती. एका ठराविक खपाच्या खाली गेली की एका दिवसात संपणार होती.

ती संपली नाही, कारण काही माणसांनी हट्ट धरला. २०१४ मध्ये क्रिस्टोफर नोलन, क्वेंटिन टॅरंटिनो, जे. जे. एब्रम्स यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी स्टुडिओंकडे शब्द टाकला आणि फेब्रुवारी २०१५ पर्यंत सहाही मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. नक्की कोणता चित्रपट फिल्मवर होईल हे ठाऊक नसताना दिलेली ती हमी होती. रॉचेस्टरचा कारखाना त्यामुळे तगला. २०२३ मध्ये नोलनच्याच ‘ओपनहायमर’ची आयमॅक्स प्रिंट सुमारे ११ मैल लांब आणि ६०० पौंड वजनाची होती. ती जगातल्या जेमतेम ३० पडद्यांवर लागली आणि तिच्यासाठी लोक गाड्या हाकीत दुसऱ्या राज्यात गेले. त्यासाठी कोडॅकने पूर्वी कधीच न बनवलेली, ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म नव्याने तयार केली होती.

दिग्दर्शकांचा हट्ट दिसण्यासाठी असेल, रंगांसाठी असेल. स्टुडिओंच्या हिशेबनिसांना त्याच्याशी काय देणेघेणे? त्यांचे कारण वेगळे होते, आणि ते तळघरातल्या थंड कोठारांत दडलेले आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने जतनाच्या खर्चाचा एक अहवाल काढला. एका चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तर तोच चित्रपट उच्च दर्जाच्या डिजिटल स्वरूपात सांभाळायला १२,५१४ डॉलर. जवळजवळ बारा पट! पुढे साठवण स्वस्त झाली, पण फरकाचे मूळ कारण तसेच आहे. फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवून विसरून जाता येते. डिजिटल माहिती विसरता येत नाही. डिस्क बंद पडतात. टेप वाचणारे यंत्र मागच्या एक-दोन पिढ्यांच्याच टेप वाचते. त्यामुळे दर काही वर्षांनी सगळे नव्या टेपवर उतरवून काढावे लागते, आणि उतरवल्यावर तपासावे लागते. म्हणूनच काही मोठे स्टुडिओ डिजिटलवर चित्रित केलेल्या चित्रपटांचेही तीन मूळ रंग वेगळे करून ते कृष्णधवल फिल्मवर उतरवून ठेवत आले आहेत. रंग विटतात, चांदी विटत नाही.

आमच्या धंद्यातल्यांना हे नवे नाही. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअप चालू आहे असे सगळे धरून चालले होते. तो चालत नव्हता. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून निभावले. माझे स्वतःचे सांगायचे तर माझ्या प्रबंधाची छापील प्रत कपाटात आहे, केव्हाही उघडता येते. त्याच्या सगळ्या नोंदी त्या काळच्या एका जाड चौकोनी डिस्कवर आहेत. डिस्क सुस्थितीत आहे, पण ती वाचणारे यंत्र आता माझ्याकडे नाही.

मग फिल्म अमर आहे का? मुळीच नाही, आणि ते आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार! भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले आज तीसच्या आसपास उरले आहेत, तेही बरेच तुकड्या-तुकड्यांत. ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट नाहीसा झाला आहे. जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली, ओलाव्याने चिकटली, ॲसिटेटची रिळे व्हिनेगरसारखा वास सोडत आक्रसली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे हाती आले, आणि तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. जे उरले त्याचे मोठे श्रेय पी. के. नायर यांना जाते. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९९१ पर्यंत या माणसाने गावोगाव फिरून, फाळक्यांच्या मुलांकडून, वितरकांच्या गोदामांतून डबे गोळा केले. सुमारे १२ हजार चित्रपटांचा तो संग्रह. त्याच पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, ८ जानेवारी २००३ रोजी आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधी सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्या होत्या, ते चित्रपट आपण अजून पाहू शकतो. बाकीच्यांची राख झाली.

म्हणजे टिकणे हा नुसता पदार्थाचा गुण नाही. आपल्याकडे मजकूर टिकवण्याच्या दोन रीती होत्या. एक ताम्रपटाची: एकदा कोरायचा आणि पुरून ठेवायचा. दुसरी पोथीची: कागद जीर्ण होण्याआधी पुढच्या पिढीने नक्कल करायची. पोथीच्या रीतीत नक्कल करणाऱ्याच्या चुका शिरतात; म्हणून तर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ‘ज्ञानेश्वरी’च्या अनेक प्रती जुळवून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. आज आम्ही संगणकावर दोन प्रती ताडून पाहतो ते याच जातीचे काम. फिल्म ही ताम्रपटाच्या जवळची, डिजिटल ही पोथी. ताम्रपट निष्काळजीपणाची थोडी गय करतो, पोथी करत नाही. स्टुडिओंनी दोन्ही ठेवले, यातच त्यांचे शहाणपण आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या बेसमेंटमध्ये एक खोके असते. त्यात लग्नाची व्हिडिओ कॅसेट, आजीने मुलांना गोष्ट सांगितलेली, मंडळाच्या जुन्या नाटकाची. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, आणि टेपवरचे चुंबकत्व दरवर्षी थोडे थोडे ओसरते आहे. ते खोके ताम्रपट नाही, हे ध्यानात घ्या. या सुट्टीत मी आमचे खोके काढून बसणार आहे. प्रत्येक कॅसेटच्या तीन प्रती करायच्या, त्यांतली एक पुण्याला बहिणीकडे पाठवायची, आणि दर पाच वर्षांनी त्या उघडून बघण्याचे काम मुलीला नेमून द्यायचे असा बेत आहे. शिवाय निवडक चाळीस छायाचित्रे चांगल्या कागदावर छापून घेणार आहे. ती बघायला पुढे कुणाला फक्त ऊन लागेल.