यंत्र आधी की शिक्षक आधी?

१८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यातील एक मागणी आजही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खेड्यांतील शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे त्यांनी सुचविले होते. शाळेचा विचार करताना त्यांनी शिकविणाऱ्या माणसाचा विचार केला. संगणकविद्या खेड्यांत नेण्याच्या इतिहासाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

आपल्या देशात या कार्याला मोठा सरकारी आरंभ १९८४ साली झाला. 'क्लास' योजनेत सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. पाऊल धाडसाचे खरे. परंतु संच मोजके, यंत्राच्या आज्ञांची भाषा इंग्रजी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अल्प मुदतीचे. शिवाय २५० शाळांत साऱ्या देशाची खेडी मावणार तरी कशी?

केरळने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम हाती घेतला, तेव्हा शाळांतील शिक्षकांनाच प्रशिक्षक केले आणि मल्याळम भाषेला संगणकावर स्थान दिले. २०१८ पासून तेथील विद्यालयांत 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे चालू झाली. हे कार्य पुढे गेले, त्यात शिक्षकाचा वाटा मोठा आहे.

आता येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संगणक चालविणे निराळे आणि संगणकशास्त्र निराळे. न्यूझीलंडमधील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात हे शास्त्र यंत्रावाचून शिकविण्याचे पाठ रचले. सारखे दिसणारे आठ डबे आणि एक तराजू घ्या. सर्वांत जड डबा सात तोलांत सापडतो. मग आठही डबे क्रमाने लावावयाचे, तर कमीत कमी तोलांची रीत कोणती? हा प्रश्न वीज नसलेल्या शाळेतही विचारता येतो. तो विचारणारा शिक्षक मात्र हवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक वर्गांतच संगणकाच्या आज्ञा रचण्यास शिकवावे, असे म्हटले आहे. पण शहरातील मुलांनी आज्ञा रचाव्यात आणि खेड्यातील मुलांनी केवळ कळा दाबाव्यात असे घडले, तर ती नवी वर्णव्यवस्थाच ठरेल. म्हणून आपण नगरवासी एखाद्या खेड्यातील शाळेला संगणक भेट देऊ, तेव्हा हारतुऱ्यांच्या आधी एक प्रश्न विचारू या : तेथील शिक्षकाला शिकण्यासाठी सवड कोण देणार?