सणाची पोळी आणि रोजचा चहा



गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब संपला की हल्ली शुगर आणि वजनाच्या गोष्टी निघतात. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं असतं, पथ्य चालू असतं आणि सण तोंडावर येतो. एक दिवस सूट घ्यावी की नाही? शहरात याला ‘चीट डे’ म्हणतात, म्हणजे फसवणुकीचा दिवस. आम्हाला हा शब्दच पटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी होळीला पुरणपोळी खाल्ली, तेव्हा त्या कुणाला फसवत नव्हत्या.

त्यांचं रोजचं जेवण म्हणजे भाकरी, कालवण, मिळाली तर भाजी, कांदा आणि ठेचा. गोड ते सणाला. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पोळी, अक्षय तृतीयेला आमरस, पोळ्याला आधी बैलाला घास आणि मग घरच्यांना. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, त्यात कितीतरी घरांत कांदा, लसूण, वांगं बंद. सूट होती, पण शेताला असतो तसा तिला दोन्हीकडून बांध होता. शिवाय गहू जात्यावर दळायचे आणि पुरण पाट्यावर वाटायचं. इतके कष्ट रोज कोण करील?

पण त्या काळाचं उगाच कौतुकही नको. गोड कमी खाल्लं जायचं, कारण ते परवडत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांनी अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले. आणि सणाचं गोड झालं तरी पंगती उठल्यावर, भांड्यात उरेल ते बाईच्या वाट्याला.

मग बदललं काय? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यात कारखाने निघाले आणि साखर गावोगाव पोचली. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तेव्हापासून तळणही सोपं झालं. गिरणी आली, मिक्सर आला. हे सगळं आपल्या सोयीचंच झालं, जातं परत आणा असं आम्ही म्हणणार नाही. पण बांध मात्र फुटला.

आता जरा हिशेब करू, तो तर आपल्याला येतोच. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला चाळीस ग्रॅम, महिन्याला एकटीची बाराशे ग्रॅम. होळीला तीन पोळ्या खाल्ल्या तरी त्यातला गूळ शे-सव्वाशे ग्रॅमच्या वर सहसा जात नाही. आपण पोळीला घाबरतो आणि चहाला मोजतच नाही.

उपवासाचंही तसंच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडली नाही. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आले त्यानंतर ती आपल्याकडे रुजली. वरीचे तांदूळ, म्हणजे आपली भगर, त्या मानानं जुनी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात दाण्याचा कूट, तेल आणि बटाटा. वजन उतरवायचं म्हणून आठवड्याला दोन उपवास धरणाऱ्या मैत्रिणींनो, खिचडीची ताटली हीच तुमची सूट झाली, ती वेगळी घ्यायला उरली कुठे?

आमचं मत विचाराल तर सण सोडू नका. मात्र सूट पंचांग बघून घ्या, मन बघून नाही. सकाळपासून उपाशी राहून रात्री दुप्पट खाणं नको. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपवास असो की गोडाचं जेवण, आधी डॉक्टरांना विचारावं. आणि पोळी खायची तर सगळ्यांबरोबर पानावर बसून, गरम खावी. वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिळ्या पोळ्या संपवते ती घरची बाईच. सण एक दिवसाचा असतो आणि तिच्या पोटात तो चार दिवस चालतो.

दिवाळीचा डबा तर पंधरा-पंधरा दिवस सरत नाही. म्हणून आमच्या गटांनी यंदा फराळ एकत्र करायचं ठरवलं आहे. प्रत्येकीनं पाच दिवस पुरेल एवढाच घरी न्यायचा. लाडू किती, करंज्या किती, हे ठरलं. चिवड्यावरून मात्र अजून वाद चालू आहे.